घराखालची ऊब

खारा-तुमूल या वस्तीत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी बारा वाजता, येफ्रेम निकोनोविच स्लेप्त्सोव्ह नावाचा एकाहत्तर वर्षांचा म्हातारा ओळीने घरांच्या पोटाखाली शिरत असे. डिसेंबरातला तो मंगळवारही त्याला अपवाद नव्हता. सूर्य दोन आठवड्यांपूर्वी मावळला होता आणि जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत तो उगवण्याचा प्रश्न नव्हता. दक्षिणेच्या टेकड्यांवर घटकाभर जांभळट उजेड रेंगाळे, त्यालाच वस्तीत दुपार म्हणत. थंडी उणे अठ्ठेचाळीस अंश होती. याना नदीच्या काठी ती काही मोठी थंडी नव्हे.

त्याचे काम सोपे होते आणि ते सोपे आहे असे कोणी म्हटलेले त्याला खपत नसे. वस्तीतली घरे जमिनीपासून छातीभर उंचीवर, खांबांवर उभी आहेत. खांब दहा मीटर खोल रोवलेले आहेत आणि त्यांना धरून ठेवायला खाली फक्त गोठलेली माती आहे. ती गोठलेली असेल तोवर घर ताठ उभे राहते; ती सैल पडली की घर एका अंगाने गुडघा टेकते. म्हणून प्रत्येक घराखाली एक लोखंडी नळी जमिनीत उभी सोडलेली होती. येफ्रेम तिचे झाकण काढी, दहा सेन्सर लावलेली तार आत सोडी आणि दर मीटरामागे एक याप्रमाणे दहा आकडे वहीत उतरवून घेई. जमीन उणे अर्ध्या अंशाहून गरम निघाली किंवा आकड्यांत काही विपरीत दिसले, तर याकुत्स्क शहरातून तज्ज्ञांचे पथक येई आणि घर रिकामे होई. एवढा अधिकार त्या म्हाताऱ्याच्या पेन्सिलीला होता.

तीस वर्षे हा अधिकार गाजवून त्याचे एकच मत पक्के झाले होते, ते म्हणजे वस्तीतले लोक मूर्ख आहेत. घराखालून वारा वाहावा आणि जमीन गार राहावी म्हणून जी जागा मोकळी सोडली, तिथेच हे लोक भांड्यांचे गरम पाणी ओतत. गळका नळ तीन-तीन हिवाळे गळू देत. मग भिंतीला हाताचा पंजा जाईल एवढी भेग पडली की ‘येफ्रेम निकोनोविच, जमीन खचली हो!’ म्हणून गळा काढत. जमीन काय दारू पिऊन पडते? तिला पाडावे लागते. घरबांधणी कार्यालयातल्या लोकांविषयी त्याचे मत याहूनही वाईट होते. स्वतःविषयी मात्र चांगले होते.

सात नंबरचे घर तर त्याचे स्वतःचे अपत्य. पस्तीस वर्षांपूर्वी जागा त्याने निवडली होती, खांबांची खोली त्याने ठरवली होती. दोन मजले, बारा बिऱ्हाडे. खालच्या मजल्यावर त्याची मुलगी नारियाना, तिचा नवरा मिचील आणि त्यांची तीन महिन्यांची मुलगी राहत. त्या मंगळवारी येफ्रेम तिथे पोहोचला, तेव्हा घराखालची मोकळी जागा फळ्या आणि पत्रे ठोकून चहूबाजूंनी बंद केलेली होती, आणि तोंडात खिळे धरून जावई शेवटची फळी बसवत होता.

“हे काय आहे?” येफ्रेमने विचारले.

मिचीलने खिळे हातात घेतले. “फळ्या.”

“ते दिसतंय मला. कशाला?”

“लेकराला खालून गारठा लागतो. आणि माझी बर्फगाडी सकाळी सुरू होत नव्हती. आता बघा, एका झटक्यात होते.”

“म्हणजे गाडीला हुडहुडी भरू नये म्हणून तू घर बुडवणार.”

“सगळेच ठोकतात, येफ्रेम निकोनोविच. नऊ नंबरवाल्यांनी तर खाली कोंबड्या पाळल्यात.”

“नऊ नंबरवाल्यांना कोंबड्यांची संगत शोभते. तू माझा जावई आहेस. काढ त्या फळ्या.”

“उद्या काढतो,” मिचील म्हणाला. तो काढणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते.

येफ्रेम वाकून आत शिरला. आत मिट्ट काळोख आणि बर्फगाडीच्या तेलाचा वास होता. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात वरच्या तुळयांवर साचलेला बर्फाचा पांढरा थर चमकत होता. त्याने नळीचे झाकण काढले, तार सोडली, ठरलेली वीस मिनिटे उकिडवा बसून राहिला आणि मग हातातल्या यंत्रावर आकडे पाहू लागला. पहिला मीटर उणे चार. दुसरा उणे दोन. खाली खाली उणे एक, उणे शून्य दशांश आठ, शून्य दशांश सात. जमीन सीमेवर आली होती, पण सीमेच्या आत होती. दहाव्या मीटरवर आकडा होता अधिक छत्तीस दशांश सहा.

त्याने यंत्रावर टिचकी मारली. आकडा हलला नाही.

अशा थंडीत माणसाने सोडलेला श्वास हवेतच गोठतो आणि त्याचे कण खाली झरताना कानाशी बारीक सळसळ होते, कोरडे धान्य पोत्यातून ओघळावे तशी. यानाकाठी जन्मलेल्या माणसाला ती ऐकूही येत नाही. येफ्रेमलाही ती ऐकू आली नसती. पण आकडा नीट वाचण्यासाठी त्याने श्वास रोखला होता, आणि सळसळ चालू होती.

ती नळीच्या तोंडातून येत होती. थांबे… पुन्हा येई. पुन्हा थांबे.

“ओल गेली असेल तारेत,” तो मोठ्याने म्हणाला. त्या अंधारात मोठ्याने बोलण्याची काही गरज नव्हती. त्याने झाकण घट्ट फिरवले आणि दहाव्या मीटरची ओळ वहीत कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. महिन्यातून दोनदा एकाच घराखाली जाणे हे त्याच्या नियमात बसत नव्हते, म्हणून त्याने ते कोणाला सांगितले नाही. या वेळी त्याच्याजवळ जुना, जाड लाकडी नळकांड्यात बसवलेला पाऱ्याचा थर्मामीटर होता. असला थर्मामीटर तापायला आणि निवायला तासन्‌तास घेतो, म्हणून वर ओढताना खोटे बोलत नाही. उघड्यावर पारा गोठेल म्हणून त्याने तो कोटाच्या आत छातीशी धरून आणला. दहाव्या मीटरवर त्याने तो तीन तास ठेवला, मधल्या वेळात घरी जाऊन चहा पिऊन आला. वर काढला तेव्हा पारा उणे शून्य दशांश सातवर होता. पाहा, येफ्रेम मनात म्हणाला, विजेची खेळणी आणि मूर्ख माणसे सारखीच. केवळ शहानिशा म्हणून त्याने थर्मामीटर नवव्या मीटरवर सोडला आणि आणखी तीन तासांनी वर ओढला.

छत्तीस दशांश सहा. निरोगी माणसाच्या काखेत सापडावे तेवढे.

माझ्या छातीची ऊब राहिली असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. सहा तासांपूर्वीची ऊब सहा तासांनी, आणि तीही मधे एकदा निवून, परत येत नाही, हे त्याला वस्तीत कोणाहीपेक्षा चांगले कळत होते. गुरुवारी ती ऊब आठव्या मीटरवर होती. शुक्रवारी सातव्या.

कोणत्याही शहाण्या माणसाने हे आकडे जसेच्या तसे लिहून पाठवले असते. पथक आले असते, घर रिकामे झाले असते. पण शहाणपण आणि प्रतिष्ठा एका बाकावर बसत नाहीत. येफ्रेमच्या डोळ्यांपुढे याकुत्स्कहून येणारी ती पोरे दिसू लागली: कानांत गाणी अडकवलेली, तिशीच्या आतली, वही उघडून एकमेकांना कोपराने ढोसणारी. ‘अरे बघ, म्हाताऱ्याने जमिनीचा ताप घेतलाय!’ तीस वर्षांच्या तीनशे साठ निर्दोष पानांनंतर हे पान. त्याने पेन्सिलीला टोक केले आणि दहाही ओळींत जिथे जो शोभेल तो आकडा भरला. आठव्या मीटरवर उणे शून्य दशांश सात. सुरेख अक्षर होते त्याचे.

शनिवारी नारियानाने जेवायला बोलावले. गोठलेल्या माशाचे चाकूने तासलेले पापुद्रे, मीठमिरी, घोड्याचे मांस, दुधाचा चहा. शेजारची ओग्दो म्हातारीही येऊन बसली होती. ओग्दो नव्वदीची होती. जेवणापूर्वी अग्नीला घास द्यायची जुनी रीत ती अजून पाळी, आणि घरात चूल नसल्यामुळे विजेच्या शेगडीवर लोणी लावलेला धिरड्याचा तुकडा ठेवी. तुकडा जळून घरभर धूर होई. येफ्रेमने नाक मुरडले.

“बाबा,” नारियाना म्हणाली, “दाराकडे बघा.”

दार चौकटीत बसत नव्हते. वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती. चाके लावलेला पाळणा तिने मधोमध आणून सोडला. तो आपसूक, सावकाश, नैऋत्येच्या कोपऱ्याकडे गेला आणि भिंतीला टेकला.

“रोज सकाळी ती तिथेच असते,” नारियाना म्हणाली. “मी इथे झोपवते, उठते तर तिथे. तुम्ही फक्त जे दिसतं ते लिहा ना. पथकाला येऊ दे.”

“पाळणा काय सांगतो त्यावर घरं रिकामी होत नाहीत. आकडे बोलतात, माणसं बडबडतात.”

“मग काय बोलतात आकडे?”

“घर सुरक्षित आहे.”

नारियानाने त्याच्याकडे नीट पाहिले. ती त्याचीच मुलगी होती. खोटे तिला वासावरून कळे. “तुम्ही आठवड्यात चार वेळा खाली गेलात. ओग्दोआजीने खिडकीतून पाहिलं. चार वेळा कशाला?”

“जावयाच्या फळ्या बघायला. काढतो म्हणाला होता.”

“काढतोय की,” मिचील तोंडात मासा असतानाच म्हणाला. “पण खरं सांगू? फळ्या ठोकल्यापासून खोलीत ऊब आलीय. इंजिनियर लोकांना गारठ्याचंच कौतुक फार. त्यांच्या पुस्तकात माणूस राहत नाही, खांब राहतात.”

“खांब तुझ्यापेक्षा कामसू आहेत.”

ओग्दो इतका वेळ चहाच्या वाडग्यात पाहत होती. ती हळूच म्हणाली, “येफ्रेम, पोरा… खाली कोण आहे?”

“माती आहे, आजी.”

“माती कूस बदलत नाही. मला ऐकू येतं. माझे कान गेलेत, तरी ऐकू येतं.” तिने वाडगा खाली ठेवला. “तू त्याच्या पाठीवर घर ठेवलंस ना, तेव्हा ते गाढ झोपलेलं होतं. झोपेत ओझं कळत नाही. आता ह्यांनी पांघरूण घातलं, ऊब लागली… जाग आली त्याला.”

“कोणाला?”

“नाव असतं तर मी हाक नसती मारली?” म्हातारी चिडून म्हणाली.

येफ्रेम हसला. तुच्छतेने हसण्याची त्याची खास पद्धत होती. फक्त नाकातून हवा जाई. जेवण संपवून तो उठला आणि सोमवारी, आठ तारखेला, सही केलेला तक्ता त्याने कार्यालयात नेऊन दिला. सात नंबरच्या घरापुढे लिहिले होते: वास्तव्यास योग्य.

त्यानंतरही तो रोज खाली जात राहिला. का जात होता, हे विचारणारे कोणी नव्हते, आणि स्वतःला प्रश्न विचारण्याची त्याला सवय नव्हती. ऊब कधी दिवसाला एक मीटर चढे, कधी चार-चार दिवस एकाच जागी थांबे, जणू दम खात होती. पाचवा मीटर. चौथा. झाकण काढले की नळीच्या तोंडातून पांढरी वाफ येई, थांबे, पुन्हा येई. बावीस तारखेला ती दुसऱ्या मीटरवर होती, आणि त्या दिवशी येफ्रेमने तार गुंडाळताना पाहिले की नळीभोवतीच्या तुळयांवरचा बर्फाचा थर वितळून गेला आहे. सगळीकडचा नव्हे, फक्त नैऋत्येच्या कोपऱ्यातला, माणूस आडवा झाला तर जेवढी जागा व्यापेल तेवढा.

त्या जागेच्या बरोबर वर त्याच्या मुलीची खोली होती.

तो बाहेर आला, दारापुढच्या पायऱ्या चढला आणि दार न वाजवता आत गेला. दार ढकलताना त्याला जाणवले की ते आता अडकत नाही. खोलीत छान ऊब होती. पाळणा रिकामा होता. बाळ नैऋत्येच्या कोपऱ्यात, उघड्या लाकडी फरशीवर, नुसत्या एका दुपट्यावर गाढ झोपले होते.

“उचल तिला!” येफ्रेम ओरडला.

“हळू! पहिल्यांदा इतकी शांत झोपलीय,” नारियाना म्हणाली. तिचा चेहराही बऱ्याच आठवड्यांनी शांत दिसत होता. “हात लावून बघा, बाबा. फरशी कशी गरम झालीय. फक्त एवढीच जागा. तिथे ठेवली की रडणं बंद. आणि घराचंही काहीतरी नीट झालंय. दार लागतं. पाळणा हलत नाही. तुमचं खरं होतं.”

येफ्रेमने गुडघे टेकून फरशीवर हात ठेवला. फळ्या उबदार होत्या, निरोगी अंगासारख्या. त्याने बाळाला उचलून पाळण्यात ठेवले. ते किंचाळून रडू लागले आणि तो दारातून खाली निघून जाईपर्यंत रडतच राहिले.

खाली त्याने तार सोडली. वीस मिनिटे. दहा आकडे. उणे सहा दशांश दोन. उणे सहा दशांश दोन. पहिल्यापासून दहाव्या मीटरपर्यंत सर्वत्र उणे सहा दशांश दोन. घर बांधले त्या वर्षीसुद्धा जमीन इतकी कणखर नव्हती. नळीच्या तोंडाशी त्याने श्वास रोखून कान लावला. आत काही नव्हते. जे होते ते वर गेले होते, आणि जाताना सगळी ऊब बरोबर घेऊन गेले होते.

तो तिथे किती वेळ बसला हे त्याला कळले नाही. मग तो उठला आणि आयुष्यात प्रथमच कार्यालयात धावत गेला.

घरबांधणी विभागाची प्रमुख व्हेनेरा नावाची एक गुबगुबीत बाई होती. टेबलावर नव्या वर्षाच्या सजावटीचे चकचकीत कागद पसरून ती कात्री चालवत होती. येफ्रेमने वही तिच्यापुढे आपटली.

“सात नंबर रिकामं करा. आज.”

“का बरं?”

“मी खोटे आकडे लिहिले.”

व्हेनेराची कात्री थांबली. असे वाक्य या माणसाच्या तोंडून निघेल यावर तिचा विश्वास बसेना. “बरं. मग खरे काय आहेत?”

त्याने यंत्र पुढे केले. व्हेनेराने चष्मा नाकावर चढवून एकेक आकडा वाचला आणि हळूहळू तिचा चेहरा आनंदाने फुलला.

“उणे सहा! येफ्रेम निकोनोविच, तुम्ही उणे शून्य दशांश सात लिहिलं आणि निघालं उणे सहा? अहो, हे खोटं आहे की विनय?”

“आधी गरम होती. खाली छत्तीस अंश होते. ते वर सरकत गेलं…”

“काय वर सरकत गेलं?”

शब्दच नव्हता. ओग्दोलाही सापडला नव्हता.

“असं बघा,” व्हेनेरा म्हणाली, आणि तिच्या आवाजात मूर्खाला समजावण्याचा तोच सूर होता ज्यात येफ्रेम तीस वर्षे इतरांशी बोलत आला होता. “पन्नास अंश थंडीत, सणाच्या तोंडावर, मी बारा बिऱ्हाडं बाहेर काढू, आणि तीही जिल्ह्यातल्या सगळ्यांत पक्क्या जमिनीवरून? तुमच्या मुलीचाच फोन आला होता सकाळी. घर सरळ झालं म्हणून आभार मानत होती. तुम्ही थकलात. नव्या वर्षात तुमच्या जागी कोणीतरी तरुण माणूस बघू आपण. आणि ती वही इथेच ठेवा. नमुना म्हणून दाखवू पोरांना.”

म्हाताऱ्याने वही उचलली नाही.

सात नंबरकडे परतताना त्याने विचार पक्का केला होता. त्याचे स्वतःचे घर म्हणजे नदीच्या कडेची एका खोलीची लाकडी झोपडी होती; पण तिच्याखाली खांब नव्हते, आणि नळीही नव्हती.

“चल माझ्याकडे,” तो नारियानाला म्हणाला. “आत्ता. तिला गुंडाळ आणि चल.”

“तुमच्याकडे? पहाटे बादलीत पाणी गोठतं तुमच्याकडे.”

“गोठू दे.”

“बाबा, झालंय काय तुम्हाला? मी म्हणत होते घर सोडू, तेव्हा तुम्ही हसलात. आता घर नीट झालं तर…”

“आकडे बोलतात, माणसं बडबडतात,” मिचील खुर्चीतून म्हणाला. त्याच्या आवाजात द्वेष नव्हता, फक्त पुष्कळ दिवस राखून ठेवलेली मजा होती. “काय बोलले आकडे, येफ्रेम निकोनोविच? उणे सहा ना? कार्यालयातून कळलं मला. अख्ख्या वस्तीला कळलंय.”

तीस वर्षे वस्तीला वाकवणारा हा म्हातारा आपल्या मुलीच्या घरात, बूट न काढता, उभा राहिला. सांगायला गेला असता तर सांगायचे होते ते सगळे ओग्दोच्या भाषेत होते, आणि ती भाषा त्याने स्वतः थट्टेवारी नेलेली होती.

“मग मी इथे राहतो,” शेवटी तो म्हणाला. “झोपेन कुठेही.”

“राहा की,” नारियाना म्हणाली. तिला बरेच वाटले. “उद्या आम्ही दोघं नदीवर बर्फाच्या लाद्या तोडायला जातोय. प्यायचं पाणी संपत आलंय. हिला सांभाळा तेवढ्यात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे गेले. टेकड्यांवरचा जांभळा उजेड विझत चालला होता आणि खोलीत फक्त टेबलावरचा दिवा जळत होता. बाळ पाळण्यात पडून रडत होते, नजर नैऋत्येच्या कोपऱ्याकडे लावून. येफ्रेमने त्याला दूध दिले, झुलवले, जुने एक गाणे बेसूर म्हटले. रडणे थांबेना. मग त्याच्या हट्टी डोक्यात एक विचार आला: तिला तिथे जायचे आहे ना? तर ती जागाच मोकळी ठेवायची नाही. त्याने कोट काढला आणि कोपऱ्यातल्या त्या उबदार फरशीवर तो पाठ टेकून आडवा झाला. जागा त्याच्या मापाची होती. खरे तर त्याच्या मापाहून बरीच रुंद होती.

बाळाचे रडणे बंद झाले.

पाठीखाली फळ्या अगदी सावकाश वर आल्या, आणि खाली गेल्या. वर आल्या… खाली गेल्या. येफ्रेम निश्चल पडून राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले की फळ्या त्याच्या श्वासाबरोबर हलत आहेत. तो आत घेई तेव्हा त्या वर येत.

वेडेपणा, तो मनात म्हणाला. माझीच पाठ हलते आहे. याची शहानिशा करणे सोपे होते. त्याने श्वास रोखला.

खालचे हलणे थांबले.

भिंतीत कुठेतरी लाकूड कुरकुरले. वरच्या मजल्यावर कोणाची तरी खुर्ची घसरली आणि एक बाई दचकून काहीतरी म्हणाली. टेबलावर नारियानाने अर्धा पिऊन ठेवलेला चहाचा कप होता. तो हलला, आणि कोणी बोटाने ढकलावा तसा, हळूहळू, नैऋत्येकडे सरकू लागला. टेबलाच्या कडेपाशी आला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात काळी फट उघडली.

येफ्रेमने हावऱ्यासारखा श्वास आत ओढला.

फळ्या वर आल्या. कप कडेवर थांबला. फट मिटली. वरच्या मजल्यावर कोणीतरी हसले. बारा बिऱ्हाडे पुन्हा ताठ उभी राहिली, एका एकाहत्तर वर्षांच्या छातीवर, जिच्यात गेल्या हिवाळ्यापासून शिट्टी वाजत होती. आपण उठलो तर काय होईल, हे त्याने मोजून पाहिले नाही. त्याच्या जागी आधी कोण झोपत होते हे त्याला माहीत होते, आणि कालपासून हे घर कोणाच्या इवल्या श्वासावर सरळ उभे राहिले होते, तेही आता त्याला कळले. उठून ही जागा पुन्हा तिला देणे त्याला शक्य नव्हते. तो तसाच पडून श्वास घेत राहिला, एक, आणि मग दुसरा, इतक्या काळजीपूर्वक की आयुष्यात त्याने कोणतेही काम एवढे मन लावून केले नव्हते.

“मी आहे,” तो पाळण्याकडे न पाहता पुटपुटला. “तू झोप. मी आहे इथे…”

पाळण्यातून काही आवाज आला नाही. झोपली असेल, म्हणून त्याने मान वळवून पाहिले.

बाळ जागे होते. ते कुशीवर वळले होते आणि गजांतून हात बाहेर काढून हसत होते. त्याच्याकडे पाहून नव्हे. त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे, भिंतीपर्यंत उरलेल्या त्या रुंद, उबदार, मोकळ्या जागेकडे पाहून; आणि लहान मुले एखाद्याचा चेहरा हलेल तशी नजर हलवतात, तशी बाळाची नजर हळूहळू येफ्रेमच्या तोंडापाशी येऊन थांबली.